पिशिमाची चूळ

॥ श्रीश्री दुर्गा शरणम् ॥

चंदननगर, कालीपूजेचा दुसरा दिवस

श्रीचरणेषु दिदी,

विजयादशमीचा प्रणाम घे आणि जामाईबाबूंनाही पोचता कर. (उशीर झालाय, ठाऊक आहे, ओरडण्याआधी पुढचं वाच.) मेव्हण्यांचा गुडघा कसा आहे? तुझं पित्त? हे पत्र आसनसोलला पोचेपर्यंत भाईफोटा होऊन गेलेला असेल आणि भावाच्या कपाळाऐवजी माझ्या नावाचा टिळा तू भिंतीला लावला असशील. लावलास ते योग्यच केलंस, भिंतीला माझ्यापेक्षा जास्त समज आहे. इकडे आम्ही सर्व कुशल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

आपल्या म्हाताऱ्या आत्यासाठी मी तुला चार फोन केले. पिशिमाला ताप आलाय, पिशिमानं अन्न सोडलं, असशील तशी निघून ये, आणि चौथा, येऊ नकोस. चौथ्याला तू "भवतोष, तुला अक्कल कधी येणार?" असं विचारून फोन आपटलास. प्रश्न रास्त होता. उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून कागद घेतला.

नवमीच्या दुपारी पिशिमाला ताप भरला. मन्मथ डाक्तर (होमिओपॅथीचे, दुसरे कोण) आले, दर दोन तासांनी चार गोड गोळ्या म्हणाले. खोकल्यासाठी मी तालमिश्रीचा (ताडाच्या खडीसाखरेचा) खडा तिच्या गालात ठेवला, तो विरघळला की दुसरा. जोडीला साखर घालून बार्ली. आणि तापात तोंडाला पाणी लावायचं नाही हा तर आपल्या घरचा कायदाच, तेव्हा दात घासणं, चूळ भरणं सगळं बंद. मी वही ठेवली होती, दिदी! ताप किती, गोळ्या किती, बार्ली किती वाट्या. शाळेत चाळीस पोरांची हजेरी घेणारा माणूस मी, माझ्या वहीत चूक सापडायची नाही. अकरा दिवस मी त्या बाईच्या डोक्यापासून टाचेपर्यंत सगळ्याची काळजी घेतली, फक्त तोंडाकडे पाहिलं नाही, आणि सगळं जात होतं ते तिथूनच.

आठव्या दिवसापासून तिनं ओठ मिटले. चमचा नेला की मान फिरवायची. डाक्तरांनी जीभ दाखवा म्हटलं तर शेंडा तेवढा दाखवला, लाजऱ्या नवरीनं पदरातून बोट दाखवावं तसा. मी आधी विनवलं, मग रागावलो. दहाव्या दिवशी बार्ली माझ्या सदऱ्यावर सांडली आणि मी म्हणालो, "मरायचंच ठरवलंयस तर एकदाची मर पिशिमा, म्हणजे मी जरा झोपेन तरी." हे मी म्हणालो, दिदी. आई गेल्यावर जिनं आपल्या दोघांना वाढवलं तिला. ती भिंतीकडे वळली.

मग मी घाबरलो आणि अकराव्या दिवशी सकाळी तुला तिसरा फोन केला. नृपेनदालाही केला, ती माझी दुसरी चूक. आपला हा चुलतभाऊ संध्याकाळच्या आत कोलकात्याहून हजर! एका हातात संदेशचा डबा (येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी), दुसऱ्या हातात धूप आणि चंदन (लागलंच तर). अंगावर परीटघडीचं धोतर. पिशिमाकडे एक नजर टाकून तो म्हणाला, "आता वेळ घालवू नकोस रे, गंगाजल आण." आणलं. त्यानं तुळशीचं पान घातलं, गीतेचा एक श्लोक अर्धा म्हटला (उरलेला आठवेना), आणि चमचाभर गंगा तिच्या ओठांत सोडली. पिशिमानं डोळे उघडले. लोटाच हातातून ओढून घेतला, एक मोठा घोट घेतला, दोन्ही गाल फुगवून खळखळून चूळ भरली, आणि ती सगळीच्या सगळी नृपेनदाच्या धोतरावर थुंकली. त्या चुळीबरोबर एक कवळीही बाहेर आली!

कवळी, दिदी! सहा वर्षांपूर्वी ती एका महिन्यात चार वेळा कालीघाटाच्या दर्शनाला गेली होती आणि आपण तिच्या भक्तीचं कौतुक केलं होतं, आठवतं? ती भक्ती दाताच्या डाक्तराकडे चालली होती. घरातल्या कुणालाही कळू नये म्हणून तापातही तिनं ती अकरा दिवस काढली नाही. मन्मथ डाक्तरांनी बॅटरी लावून पाहिलं. हिरड्यांना फोड, जिभेवर पांढरा थर, आणि जे चार-पाच दात तिचे स्वतःचे, ते साखरेनं किडलेले. माझी वही चाळून म्हणाले, "मास्टर, ताप सहाव्या दिवशीच उतरला. त्या उपाशी राहिल्या त्या तोंडाची आग होत होती म्हणून." आता कोमट मिठाच्या पाण्यानं दिवसातून चारदा चूळ, औषधाचे थेंब, ओल्या फडक्यानं हिरड्या पुसणं, आणि रात्री कवळी वाटीत. पिशिमा मऊ भात खाते, हिरड्या पुसून घेते, पण पारुलच्या हातून. (पारुल म्हणजे आपल्याकडे भांडी घासायला येते ती.) माझ्याशी तेव्हापासून बोललेली नाही. मी फडकं घेऊन गेलो की ओठ पुन्हा मिटतात. मला फार वाईट वाटतं.

इति,
तुझा अभागी भाऊ
भवतोष

ता. क. १ : खरं काम हे, की तू पिशिमाला एक पत्र लिही. भवतोष तोंडाचा फाटका आहे पण मनानं वाईट नाही, असं त्यात कुठंतरी घाल. मी सांगितलं असं मात्र लिहू नकोस.

ता. क. २ : कवळीबद्दल जामाईबाबूंनाही बोलू नकोस. नृपेनदाचं तोंड मी नव्या धोतराची जोडी देऊन बंद केलंय.

ता. क. ३ : पहिलं ता. क. रद्द समज. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात पिशिमानं खाटेवरून विचारलं, "कुणाला एवढं खरडतोयस? वाच." वाचलं. ते दहाव्या दिवसाचं वाक्य गाळून वाचलं. ती म्हणाली, "मधलं खाल्लंस ते पण वाच." वाचलं. ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "त्या पारुलचं बोट डावीकडे मागपर्यंत पोचत नाही. जा, हात धुऊन ये."