सून तरारली, आत्याबाई!

माझ्या आत्याबाई,

तुमी गेल्याला लई वर्सं झाली, आन मी आज कागद घेऊन बसलीया. हसू नगा! नातीच्या पाटीवर बघून बघून अक्षरं शिकले. लिवायचं कारण एवढंच, की आज माझी सून रखमा माझ्यावर खेकसली, आन मला आनंद मावंना!

रखमा म्हंजे तुमच्या नातवाची, बापूची बायको. जशी मी तुमास्नी, तशी ती मला आत्याबाईच म्हणती. हितं सोलापुरात गिरणीत जाती. तिला दुसरी मुलगी झाली. जावळ एवढं दाट, की टोपडं बसत न्हाय! नाक तुमचं हाय, बरं का.

पण रखमा बाळंतपणात पार गळाली. ताप उतरला, ती हिंडाय लागली, तशी बापूची घाई. "आये, उटली की ती. कामावर जाऊ दे, न्हायतर जागा जाईल."

"उटलीया, पण तरारली न्हाय."

"म्हंजे काय?"

काय सांगू त्याला? पावसानं जोंधळा तरारतो, गूळपाण्यानं दमलेला माणूस तरारतो, ही बोली तुमचीच. नातेपुत्याच्या माळावर थंडीनं आकडलेलं कोकरू तुमी घोंगड्यात घेऊन बसला होता. ते उभं राह्यलं, तशी मी म्हणले, सोडू का कळपात? "थांब गं! नुसतं भ्यानं उटलंय ते. मला ढुसणी मारू दे, मग तरारलं म्हन."

माझ्या बाळंतपणातबी तेच की! मामंजी म्हणाले, सून उटली, जात्यावर बसव. तुमी म्हणालात, "तुमी बसा की जात्यावर, लई हौस असंल तर!" मामंजी चप्पल घालून जे गेले, ते पार जेवायलाच आले.

म्हणून मी बापूला म्हणले, "जागा दुसरी मिळंल, बायको कुटनं आणशील?" तो चार दिवस माझ्यावर फुगून होता. मलाबी धाकधूक होतीच. रखमा नुसती मान हलवायची. भाकरी देऊ? द्या. नको? नको. डोळ्यांत कायबी न्हाय.

आन आज सकाळी ताट सरकवून म्हणती कशी, "आत्याबाई, रोज रोज ही अळणी लापशी! शेंगाची चटणी कुटं लपवलीया? आणा हिकडं!"

बापूच्या हातातला चहा सांडला. मी हसले, हसता हसता रडले. तुमी असायला पाहिजे होता.

एक इचारू? आमास्नी सगळ्यांना तरारू दिलंत, स्वतःला का न्हाय? अंगात ताप, तरी "मला काय झालंय?" म्हणत मेंढरांमागं गेलात. तुमी उभ्या, म्हंजे बऱ्या, असं आमी समजलो, आन त्याच तापानं तुमास्नी नेलं. आडवं पडायची लाज वाटली व्हय तुमास्नी? ह्याचा राग हाय माझा, अजून हाय.

पण तुमच्यामुळं आज ह्या घरात दोन पोरींना आई हाय. हे कुटं फेडू?

आता वचन देते. ह्या घरात कुणी नुसतं उभं राह्यलं म्हणून त्याला कामाला जुंपणार न्हाय. आन माझं आंग मोडलं, तर मीबी निजून राहीन. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत, तुमच्या वाटणीचंसुदीक.

तुमची थोरली सून,
गोदा