सुताची गाठ

सोलापूर, पौष, शके १८५७

आये, तुझ्या पायांवर डोकं ठेवून बिरप्पाचा दंडवत. गुरुजी हे वाचून दाखवतील तवा डोळं पुसत बसू नको, बातमी चांगली हाय.

मिलचं काम जमणार न्हाय, घोंगडी विणायला परत येतो, असं मागं लिहिलं हुतं. आता तसं न्हाय.

सूत तुटलं की मी आपल्या लोकरीवाणी थुंकी लावून तळव्यात वळायचो. लोकर लोकरीला धरती, पर सूत घटकेत सुटायचं. मला वाटायचं, माझ्या हातातच खोट हाय. आमच्या मुकादम राजय्यानं बघितलं अन् हसला, "अरं, ही मेंढी न्हाय, कापूस हाय. गाठ मार की!"

गाठ शिकलो, तरी भ्या जाईना. हितं मागाला साचा म्हणत्यात. "एकटा साचा चालवतो का?" असं राजय्यानं इचारलं की मी मान खाली घालायचो. काल साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याशी ओरडून बोलत हुतो, खाली बघतो तर तुटलेल्या सुताला माझ्या हातांनी आपसूक गाठ मारलेली! तसाच राजय्याकडं गेलो, "साचा द्या." आज दिवसभर एकट्यानं चालवला.

खोकला हाय थोडा, कापसाची धूळ असती. तुझं गुडघं कसं हायती? शेळी व्याली का?

घरातला माझा माग कुणाला देऊ नको म्हणलं हुतं. आता त्यावर धाकट्या येडूला बसू दे. पहिलं घोंगडं माझ्यासाठी विण म्हणावं. हितं थंडी लई हाय, अन् मला आता हितंच ऱ्हायचं हाय.

तुझं लेकरू,
साचेवाला बिरप्पा