बशीतली गोळी

२ जानेवारी, सकाळी ७
नवी रोजनिशी. संकल्प एकच: रोज कमाटीबागेत चार फेऱ्या. मंडळाच्या व्याख्यानमालेचं आमंत्रण आलं आहे. दांडिया बाजारातला हॉल, रविवार, तेवीस फेब्रुवारी. विषय मीच दिला: 'गोळी की मनोबल?' एक्केचाळिसाव्या वर्षी मला ब्लडप्रेशर निघालं, डॉक्टरांनी जन्मभराची गोळी सांगितली. दोन महिन्यांत फेकून दिली. आज बासष्ट. मी स्वतःच पुरावा आहे.
थंडी फार. फेऱ्या उद्यापासून.

७ जानेवारी
कमाटीबाग. गेटपर्यंत गेलो. आत शाळेची सहल. परतलो. नुसत्या शब्दांवर आजकाल कोणी विश्वास ठेवत नाही. हृदयाचे आणि किडनीचे रिपोर्ट काढून व्यासपीठावर उंच धरायचे.

११ जानेवारी, दुपारी
डॉ. पीयूषभाईंकडे. तिसरा मजला, लिफ्ट बंद. प्रेशर १७२. जिन्यामुळे, असं सांगितलं. त्यांनी बसवून पुन्हा घेतलं, १६६. मी आग्रह धरला म्हणून तिसऱ्यांदा, १६४. इथे १५० लिहितो, बाकीचं जिन्याचं.
रिपोर्ट: हृदयाची भिंत किंचित जाड, किडनी उत्तम. डॉक्टरांनी कागद दोनदा उलटले. म्हणाले, काका, वीस वर्षं एवढं प्रेशर बिनगोळीचं, मला तर याहून वाईट दिसेल असं वाटलेलं. पूर्वी औषध किती दिवस घेतलंत? जेमतेम दोन महिने, मी म्हणालो. मग मला समजत नाही, ते म्हणाले.
वैद्यकशास्त्राची कबुली. व्याख्यानाची सुरुवात या वाक्याने.
गोळीची चिठ्ठीही दिली. पुस्तकात खूण म्हणून बरी आहे.

१४ जानेवारी, उत्तरायण
उदयसिंहरावांच्या गच्चीवर. हे मंडळाचे अध्यक्ष, माझ्याच वयाचे. वीस वर्षं घड्याळात गजर लावून प्रेशरची गोळी घेतात. आजही गजर वाजला, मांजा सोडून खिशातली पट्टी काढली. मी सर्वांसमक्ष म्हणालो, अध्यक्षमहाराज, तुमची दोरी औषधवाल्याच्या हातात. ते म्हणाले, असू दे भास्करराव, पतंग अजून वर आहे ना. आणि तुम्ही चार जिने चढून आलात, त्याला पंधरा मिनिटं झाली. अजून अर्धंच वाक्य बोलताय.
उंधियू तिखट होतं. त्यामुळे धाप.

२४ जानेवारी
चौदा पानं झाली. पान तीनवर टाळ्या नक्की: "ज्याने स्वतःवर राज्य केले, त्याला गोळीचे मांडलिकत्व कशाला?" बायकोला, स्नेहलतेला, वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. दुसऱ्याच पानावर तिने विचारलं, कुठले दोन महिने? मी म्हणालो, २००४चे. ती म्हणाली, चार वर्षं घेतलीत तुम्ही गोळी.
तिचीही साठी जवळ आली. स्मरणशक्तीचा विषय हळुवार काढावा लागेल.

२५ जानेवारी, सकाळी
काढला. ती उठली. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे डबे एकेक खाली उतरवले. फळ्यांवर जुन्या कॅलेंडरची पानं अंथरलेली. हळदीच्या डब्याखाली मार्च २००५. मी चष्मा आणला. चौकोनांत दुधाचा खाडा, गॅस आल्याची तारीख, आणि प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात एक बारीक फुली. डाळीच्या डब्याखाली २००६. तिथेही. पोह्यांच्या खाली २००७. एकही दिवस रिकामा नाही.
फुली म्हणजे काय, मी विचारलं. ती म्हणाली, तुम्ही फेकलीत तेव्हापासून गोळी तुमच्या चहाच्या बशीत ठेवायचे. तुम्ही पेपरातून मान वर न करता घ्यायचात.
मग बंद का झाली, असंही विचारलं. म्हणाली, २००८ला आईच्या आजारपणात मी पाच महिने पुण्याला होते. बशीत ठेवायला कोणी नव्हतं. परत आले तेव्हा तुम्ही चारचौघांत सांगत होतात, मनोबलाने प्रेशर घालवलं. एक महिना वाद घातला. मग थकले हो.
डबे तिने परत जागच्या जागी ठेवले. मदत करणार होतो, पण गुडघा धरला होता.

२९ जानेवारी
पीयूषभाईंना फोनवर सांगितलं, दोन महिन्यांपेक्षा किंचित जास्त झाले असावेत. किती? चार वर्षं. ते हसले. म्हणाले, आता समजलं. नसा कडक व्हायला लागतात नेमक्या त्या वर्षांत गोळीने भार हलका ठेवला. लवकर घेतलेल्या औषधाचा फायदा ते सोडल्यावरही बरीच वर्षं उरू शकतो. काकींना माझा नमस्कार सांगा. पण भिंत जाड व्हायला लागली आहे, काका. पुढचं आयुष्य त्या जुन्या गोळ्यांवर निघणार नाही. स्ट्रोक आला तर आधी वाचा जाते पुष्कळांची. आजच सुरू करा.
व्याख्यान झाल्यावर करीन. पोटात गोळी घेऊन त्या विषयाच्या बॅनरखाली उभं राहणं अप्रामाणिकपणाचं. नमस्कार सांगायचा राहिला.

१२ फेब्रुवारी
"एकही गोळी न घेता" खोडून "फारशा गोळ्या न घेता" केलं. सत्याशी तडजोड नाही.
कमाटीबाग: एकूण फेऱ्या आजवर दोन.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळी
हॉल भरलेला. स्नेहलता पहिल्या रांगेत. सुरुवात जोरदार. रिपोर्ट उंच धरला. "फारशा" या शब्दाशी आलो, ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. चहा आणून देताना बघते तशी. वाक्य पुढे जाईना. मग श्वासही पुढे जाईना, कानात गिरणी सुरू झाल्यासारखं. उदयसिंहरावांनी खुर्ची सरकवली, पिशवीतून स्वतःचं मशीन काढून माझ्या दंडाला बांधलं. १८८. माइक चालू होता. त्यांनी आकडा मोठ्याने वाचला, हॉलने ऐकला. आभारप्रदर्शन अकराव्या मिनिटाला.

२४ फेब्रुवारी
पीयूषभाईंकडे. लिफ्ट चालू होती. तरी १८०. गोळी आणली. स्नेहलतेला सांगितलं, आता बशीत ठेवायची गरज नाही, मी मनोबलाने रोज घेईन. पुढच्या वर्षीचा विषय सुचला आहे.

२५ फेब्रुवारी
घेतली. अगदी सोपं आहे.

२६ फेब्रुवारी
महाशिवरात्र. उपासामुळे लक्षात राहिलं नाही.

२७ फेब्रुवारी
विसरलो.

२८ फेब्रुवारी
घेतली की नाही, आठवत नाही. पट्टीतल्या गोळ्या मोजल्या. घेतली नाही.

१ मार्च, सकाळी ७
चहा आला. बशी रिकामी. पेपर न उघडता बसून राहिलो. चहावर साय आली. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हटलं, ठेवशील का. पंचेचाळीस वर्षं भाषणं केली, एवढं छोटं एकही झालं नव्हतं.
ती म्हणाली, ठेवते. फुली मात्र तुम्ही मारायची.
पेन कुठे असतं ते विचारावं लागलं. आजच्या चौकोनात तिने दुधाचा खाडा आधीच लिहून ठेवला होता. जागा कमी. कोपऱ्यात मारली.