सातवा रकाना

४ फेब्रुवारी
सहा रकाने झाले, सातव्यावर अडलो. 'घराला किंवा जमिनीला नैसर्गिक धोका आहे का? असल्यास तपशील लिहा.' घर विकणाऱ्याने हा फॉर्म भरून द्यायचाच, असा नियम आहे. दलालाने स्वतःचं पेन पुढे केलं. म्हणे, "'नाही' लिहा काका, सगळे तेच लिहितात." उद्या देतो म्हणालो.

५ फेब्रुवारी
दिवसभर दारांच्या मागे. अकरा वर्षं पावसाळा संपला की दारं अडकतात आणि मी रंधा मारतो. लाकूड फुगतं, असं धरून चाललो होतो. आज स्वयंपाकघराचं दार उतरवून मोजलं — एक बाजू दुसरीपेक्षा अडीच बोटं आखूड! लाकूड फुगलं असतं तर उन्हाळ्यात आकसून फट पडली असती. तशी ती कधी पडली नाही. म्हणजे चौकटच तिरकी होत चालली आहे. चौकट, भिंत, खालची जमीन, सगळंच दरीकडे निघालंय.

दुसरा कुणी असता तर पहिल्याच वर्षी बोंब मारली असती. मी पडलो सुतार. दार तासलं, हात झटकले. फार लाज वाटली.

७ फेब्रुवारी
नगरपालिकेचा इंजिनिअर येऊन बघून गेला. "उतार सरकतोय. हळू, पण थांबलेला नाही. हा सगळा पट्टाच तसा."

८ फेब्रुवारी
हिचे गुडघे गेलेत. आठ महिने झाले, घरापासून रस्त्यापर्यंतच्या पायऱ्या उतरलेली नाही. खाली सपाटीवर दोन खोल्या बघून ठेवल्या आहेत, पण हे घर विकलं तरच त्या मिळणार. हिला सगळं सांगितलं. ही शेंगा सोलता सोलता म्हणाली, "मग लिहा की. परीक्षेला बसल्यासारखं काय करताय?"

९ फेब्रुवारी
लिहिलं. रकाना पुरला नाही, वर एक कागद जोडला — कोणतं दार, कोणत्या वर्षी, किती तासलं. दलालाने वाचून कपाळाला हात लावला.
"काका, घर विकायचंय ना?"
विकायचंय. कुणाच्या गळ्यात मारायचं नाही.

१४ फेब्रुवारी
एक जोडपं आलं. दोघंही शिक्षक. तिला दिवस गेलेत. मागच्या खोलीत पाळणा कुठे ठेवायचा, तेही ठरवून झालं तिचं. मग मी कागद दिला. दोघांनी दोनदा वाचला. पायऱ्या उतरताना तिने वळून हात जोडले.
ही म्हणाली, "गेले?"
गेले.
"बरं झालं." मग बराच वेळ खिडकीतून पायऱ्यांकडे बघत बसली. तरी तो कागद परत घेणार नाही.

१६ फेब्रुवारी
धाकटा भाऊ वर आला. त्याचं घर आमच्या बरोबर खाली, त्याच उतारावर. जन्मात माझ्यापुढे आवाज चढवला नव्हता, आज चढवला.
"दादा, तुझं तू काय हवं ते लिही. आख्ख्या उताराला काळं कशाला फासतोस? मलाही विकायचंय."
म्हटलं, तुझीही दारं दर वर्षी मीच तासतो ना?
"मग यंदा तासू नकोस." निघून गेला.
जाऊ दे. त्याने तोंड फिरवल्याने भिंत सरळ होणार नाही.

२० फेब्रुवारी
दलालाने आपली पाटी काढून नेली. मी फळी रंधून माझी लावली: 'घर विकणे आहे. उतार सरकतो. आत या, दाखवतो.' ही पोट धरून हसली.

२७ फेब्रुवारी
कुणी आलं नाही. पाटी तिथेच आहे.

२ मार्च
शिक्षक जोडपं पुन्हा आलं! वाटलं, पाटी बघून आले. तर नाही — माझे आभार मानायला. तुमच्यामुळे वाचलो, म्हणाले. आता तुमच्या खालचंच घर घेतोय, उद्या सह्या. आधी भीती वाटली होती, पण त्या घरमालकांनी सातव्या रकान्यात स्वच्छ 'नाही' लिहिलंय. "आणि तुमच्याकडे बघून कळलंच होतं काका, इथली माणसं फॉर्मवर खोटं लिहीत नाहीत."

खाली अंगणात धाकटा उभा होता, वर माझ्याकडे बघत.

दोघांना म्हटलं, बसा.