जुईलीचे खंडन

माण, ता. मुळशी

ती. आक्कास बंडूचा साष्टांग नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे. निषाद आणि सूनबाई काळजी घेतात. तिकडे वाईला तुझा गुडघा आता कसा आहे?

एक गोष्ट लिहिताना मात्र लाज वाटते. सोसायटीच्या गणेशोत्सवात वक्तृत्वस्पर्धेचा मी अध्यक्ष होतो. आपली जुईली म्हणाली, "पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, म्हणजे भूपट्ट, एकमेकांवर आदळले की हिमालयासारखे पर्वत उठतात. समुद्रतळाशी ते एकमेकांपासून दूर सरकतात, तरी तिथेही डोंगररांग तयार होते." मी तिला मध्येच थांबवले. "ताणलेली वस्तू पातळ होते, बाळ, उंच कशी होईल?" लोक हसले. नात भाषण अर्धवट टाकून खाली उतरली.

घरी येऊन वाचले. सरकत्या भूपट्टांमधल्या भेगेतून तप्त शिलारस वर येतो, थिजतो आणि त्याचीच रांग होते. तर्क आणि न्यायशास्त्र शिकवणाऱ्या मी प्रमाण न पाहताच खंडन केले होते.

काल खोलीत तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "इथे कोण ऐकतंय, आजोबा? हसणारे सगळे खाली मांडवात होते. माइकवर सांगा ना!"

आज आरतीनंतर सांगणार आहे. आक्का, सभा जिंकण्याची सवय आहे. भरसभेत हार मान्य करण्याची नाही. तुझा आशीर्वाद पाठीशी असू दे.

तुझा,
बंडू