मंजुरीचा मेसेज

सोम. ८ जुलै

वॉर्डात सुलभाबाई, धामापूरच्या निवृत्त शिक्षिका. पोटातली गाठ कॅन्सरची निघाली. मुलगा महेश गोव्याहून आला, हॉस्पिटलातल्या माझ्या इन्शुरन्सच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "मॅडम, आयेक ह्या कळाक नको. साधी गाठ म्हणान सांगलंय." डॉक्टर तयार झालेत. मीही मान हलवली.

मंगळ. ९ जुलै

ऑपरेशनची मंजुरी मागितली. पूर्वी कागद स्कॅन करून मेल करायचो. आता आमची सिस्टीम विमा कंपनीच्या सिस्टीमला जोडलेली. आजाराचा कोड घातला, बटण दाबलं, गेलं.

जेवताना एकदम लक्षात आलं. पॉलिसी बाईंच्या नावावर. म्हणजे तिथे नोंदलेला मोबाइलही बाईंचाच. मंजुरीपत्र तिकडे जाणार, आजाराच्या नावासकट.

कंपनीला फोन. "पॉलिसीधारकालाच जातं, मॅडम. नंबर बदलायचा तर ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येईल."

महेशला सांगितलं. धावत वर गेला, चार्जिंगला लावतो म्हणून फोन मागितला. बाईंनी दिला नाही. बहिणीशी बोलायचंय म्हणाल्या.

बुध. १० जुलै

मंजुरी आली. एरवी बरं वाटतं.

दुपारी बाईंनी बोलावलं. महेश औषधं आणायला खाली. फोन माझ्यासमोर धरला, बोट एका शब्दावर.

"ह्या खरा मां गो?"

डॉक्टरांना विचारते म्हटलं.

"डॉक्टराक नको. तू सांग."

मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले. त्यांना तेवढं पुरलं. फोन पालथा ठेवला.

"माका कळला म्हणान महेशाक सांगा नको. बापूस आजारी होतो तेव्हा तेना जेवाण सोडल्यान होता."

मग, अगदी हळू: "ऑपरेशन करूचा काय नाय, ता माझा माका ठरवूक व्हया होता गो."

गुरु. ११ जुलै

महेशचा चेहरा आज सैल. "मॅडम, आयेन मेसेज बघूक नाय. काल पोटभर जेवली. हसली पण." मी पुढची फाईल उघडली.

संध्याकाळी वॉर्डात डोकावले. ऑपरेशन उद्या सकाळी. महेश आईचे केस विंचरत होता. बाई मला बघून म्हणाल्या, "साधी गाठ ती. उद्या काढतले, म्हंजे सुटलंय." महेश हसला. बाईंनी नजर माझ्यावरून हलवली नाही.

त्यांना ऑपरेशन नकोच असेल तर? विचारणार कोण. डॉक्टरांना सांगावं तर ते आधी महेशलाच...

डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर बसून हे लिहितेय. आत एक पेशंट आहे.