जेवायला न सांगता जायचं

बाई, उद्या सकाळी समितीपुढे अहवाल ठेवायचा आहे आणि माझी सही होत नाही. तुमच्याच खुर्चीत बसले आहे, बालगृहही तुमचंच, बाहेर पोरी कपडे वाळत घालतायत. त्यांतली एक अकरा वर्षांची आहे. आई गेली, बापाचा पत्ता नाही, चार वर्षं आपल्याकडे वाढली. आता पारनेरकडचा मामा म्हणतो, मी घेऊन जातो. समिती माझ्या अहवालावर ठरवणार. पाठवा म्हटलं तर ती जाईल, नको म्हटलं तर अठराची होईपर्यंत इथंच. भीती वाटते, बाई.

तुमचा नियम होता, मुलीला कुणाच्या घरी द्यायचं तर आधी तिथं जेवून यायचं, आणि तेही न सांगता. "चहावर भागवू नकोस," म्हणायचात, "चहा काय, वैरीसुद्धा गोड करतो." पहिल्यांदा तुम्ही मला सोनईकडच्या एका घरी नेलंत. मी नवी, चप्पल चावत होती, आणि तुम्ही खुशाल त्यांच्या ओट्यावर मांडी घालून पिठलं-भाकरी खाताय. घर मोठं, माणसं बोलायला गोड, मला तर सगळं छानच दिसलं. परत येताना एसटीत तुम्ही म्हणालात, "नको." का, म्हणून विचारलं. "त्या घरातल्या पोरानं दुसरी भाकरी घेण्याआधी चुलतीच्या तोंडाकडं बघितलं. तुला दिसलं नाही? मग तू नुसती जेवत होतीस." लागलं मला ते. दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नव्हते.

आणि मग ते दुसरं घर. तुमचे गुडघे धरलेले, म्हणून मला एकटीला धाडलंत. उन्हाचे दिवस, दोन गाड्या बदलायच्या, घरी कुणी नसलं तर फुकटचा हेलपाटा. मी आदल्या दिवशी फोन केला, उद्या जेवायला येते हं. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया, भजी. परत आल्यावर तुम्ही एकच विचारलंत, "काय वाढलं?" मी म्हणाले, "पिठलं-भाकरी." तोंडातून निघूनच गेलं. तुम्ही सही केलीत. सहा-सात महिन्यांनी ती मुलगी परत आली, केस कापलेले, आणि पुढं कितीतरी दिवस उभ्यानंच जेवायची, भिंतीला पाठ लावून, ताट हातात घट्ट धरून. तुम्ही तिच्याकडे बघत म्हणालात, "पिठलं-भाकरीच्या घरानं मला फसवलं. माझी नजर गेली आता." मी शेजारीच उभी होते. त्यानंतर कुठल्याच अहवालावर तुम्ही झटकन सही केली नाहीत, आणि तेच मनात घेऊन गेलात. नजर शाबूत होती हो तुमची. मी खोटं बोलले होते.

परवा मामाकडे गेले, न सांगता. मामी कांद्याच्या रानातून धावत आली, हात मातीचे. "आवं, सांगून तरी यायचं न्हाई का? आता काय वाढू तुमाला?" मेथीची भाजी, बाजरीची भाकरी, ठेचा. भाजी खारट झालेली. तिच्या पोरानं ताट सरकवलं, "मला न्हाई पायजे मेथी." मला वाटलं, आता हिचा हात उठतो की काय. मामी म्हणाली, "नका खाऊ. राजे हाय तुमी, दूध-भाकर खा," आणि दिलीसुद्धा कुस्करून. मग मला विचारते, "भाची खाती का वो मेथी?" चार वर्षं सांभाळलेली पोर, आणि मला ठाऊक नव्हतं.

म्हणजे सगळं बरं दिसलं, आणि तेच मला खातंय. तेव्हाही सगळं बरंच दिसलं होतं. पोटचा पोरगा वेगळा, नणंदेची पोर वेगळी. महिनाभर कौतुक होईल, मग? ही पण परत येऊन भिंतीला पाठ लावून जेवायला लागली तर मी कुणाचं नाव पुढं करू?

आज सकाळी तिनं मला गाठलं. आपल्या पोरींना तुमचा नियम पाठ आहे. "ताई, तिथं काय जेवलात?" मी खरं ते सांगितलं, मेथी-भाकरी. ती म्हणाली, "मला मेथी नाही आवडत."

"मग तसं सांगायचं मामीला."

"तिथं सांगता येतं?"

येतं म्हणाले. तिथला पोरगा सांगतो, हेही सांगितलं. तिचा चेहरा एवढा मोकळा झालेला मी कधी पाहिला नव्हता. ती गेल्यावर मात्र माझ्या ध्यानात आलं. आपल्याकडे दर बुधवारी मेथी असते, बाई. चार वर्षं ती पोर मुकाट्यानं खात आली, माझ्या तोंडाकडं बघत.

सही करते आता. पाठवा, असंच लिहिलंय. दर महिन्याला जाईन तिकडं, फोन न करता. भीती गेलेली नाही, पण तिच्यापायी मुलीला अडवून ठेवणं बरं नाही. हा कागद अहवालाला जोडायचा नाही, तुम्हाला धाडायचा तर पत्ता नाही, तेव्हा खणात ठेवते. एक राहिलंच. त्या दिवशी मी तीन पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या, वर तूप घेऊन. त्या घरातली पोरं जेवली का, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं.